पाथर्डीच्या वाटेवरील वाहने आणि त्यांचा आवाज

एखाद्या तालुक्याच्या गतकालाचा शोध घेऊ लागले म्हणजे हाती येतात ती दप्तरे महसुलाची, इनामांची, दुष्काळांची आणि यात्राजत्रांची. रस्ता कोणत्या साली झाला, घाट कोणत्या खात्याने फोडला, नाका कोठे बसविला, हे सारे त्यांत मिळते. परंतु त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या कानी वाटेत काय पडत होते, वाट चुकली असता तो कोणाच्या भरवशावर पुढे जात होता, आणि मैलोगणती दूर असलेल्या घरच्या माणसाशी बोलावेसे वाटले तर त्याच्यापाशी कोणते साधन होते, याची नोंद ठेवणे हे कोणत्याच कारकुनाचे काम नव्हते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरविषयक खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला, त्यात घाटांची, बाजारांची आणि कारागिरांची हकीकत मोठ्या आस्थेने दिली आहे. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मात्र मोटारीत रेडिओ, टेप, दिशादर्शक आणि हात न लावता बोलण्याचा दूरध्वनी बसविणे, ती यंत्रे बिघडली तर दोष हुडकणे, आणि जुने काढून नवे जोडणे असा जो एक स्वतंत्र धंदा तालुक्यातालुक्यांच्या गावी उभा राहिला, त्याला कारागिरीच्या यादीत अजून मानाचे स्थान मिळालेले नाही. ते मिळावे, अशा योग्यतेचा तो धंदा आहे, अशी माझी धारणा आहे. आणि पाथर्डीसारख्या गावाच्या संदर्भात पाहिले असता ही योग्यता अधिक स्पष्टपणे दिसून येते.

पाथर्डी हे अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे, नगरहून सुमारे ५० किलोमीटरांवरचे, बालाघाटाच्या डोंगररांगेलगतचे तालुक्याचे ठिकाण होय. नगर सोडल्यावर करंजीचा घाट लागतो, मग करंजी, तिसगाव आणि पुढे पाथर्डी. तेथून येळी, खरवंडी कासार अशी गावे घेत रस्ता बीड जिल्ह्यात शिरतो. कल्याणहून निघून नगर, परभणी, नांदेड करीत तेलंगणात जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. त्याचा पूर्वीचा क्रमांक २२२ आणि हल्लीचा ६१. रस्ता असा थोर, पण भूमी अवर्षणाची. बाजरीचे खळे आटोपले की दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, कोयता आणि संसार गाडीत टाकून, ऊसतोडीसाठी घाट उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचा लौकिक, तो प्रवरेचा कारखाना याच जिल्ह्यात लोणी येथे १९५० साली सुरू झाला, आणि खुद्द पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना उभा राहिला, तरीही हे स्थलांतर थांबले नाही. त्यात मढीला होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणारी कानिफनाथांची यात्रा, नवरात्रात मोहटादेवीला लोटणारी गर्दी, आणि दसऱ्याला भगवानगडाकडे जाणारी वाहने यांची भर. ज्या तालुक्याचे अर्धे आयुष्य चाकांवर जाते, तेथे गाडीत वाजणारे यंत्र ही श्रीमंताची चैन राहू शकत नाही; ते सोबतीचे साधन बनते. हा भेद लक्षात ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

मोटारीत रेडिओ बसविण्याचा पहिला यशस्वी व्यापारी प्रयत्न अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली केला. त्या वर्षी त्यांनी आपला संच स्वतःच्याच गाडीत बसवून अटलांटिक सिटी येथील रेडिओ-उत्पादकांच्या मेळाव्याबाहेर वाजवून दाखविला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. युरोपात जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कंपनीने १९३२ साली असाच संच काढला. त्या काळी अडचण दोन प्रकारची होती. पहिली अशी की, रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हांना शेकडो व्होल्टांचा दाब लागे, आणि गाडीची बॅटरी असे अवघ्या सहा व्होल्टांची. तो दाब चढविण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ नावाचा, सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरणारी पत्ती असलेला एक डबा बसवीत. त्याच्या घूंघूं आवाजावरून जाणता कारागीर संचाची नाडी ओळखी, आणि त्याचे संपर्कबिंदू जळले की सारा संच मुका होई. दुसरी अडचण इंजिनाचीच होती. पेट्रोलच्या गाडीत प्रत्येक प्लगमध्ये उडणारी ठिणगी ही स्वतःच एक लहानसे प्रक्षेपण-केंद्र असते. त्यामुळे गाणे सुरू होताच त्यावर तडतड आवाजाचा मारा होई. यावर प्लगच्या तारेत रोधक घालणे, डायनामोवर कंडेन्सर चढविणे, आणि बॉनेट, इंजिन व सांगाडा हे तांब्याच्या जाळीदार पट्ट्यांनी एकमेकांस जोडून सर्वांची ‘अर्थ’ एक करणे, हे उपाय सापडले.

या उपायांतून जी एक परीक्षापद्धती निष्पन्न झाली ती मला या धंद्याची खरी विद्या वाटते. इंजिन बंद असताना खरखर येत असेल तर दोष एरियलमध्ये किंवा संचात. इंजिन सुरू करताच तडतड येऊन ॲक्सिलरेटरबरोबर ती वाढत असेल तर दोष ठिणगीच्या बाजूस. आणि तडतड नसून शिट्टीसारखा, इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारा बारीक सूर असेल तर दोष विद्युत्-जनित्राच्या बाजूस किंवा अर्थच्या जोडणीत. यंत्रे पुढे किती बदलली, तरी कानाने करावयाची ही पहिली विभागणी आजतागायत तशीच चालू आहे.

वाहनात बसून बोलण्याचा आणि ऐकण्याचा प्रघात नगर जिल्ह्यात प्रथम आला तो मात्र खाजगी मोटारीतून नव्हे, तर लष्कराच्या छावणीतून, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व राष्ट्रकुलाच्या रणगाड्यांत ‘नंबर १९’ या नावाचा बिनतारी संच असे. त्याचे तीन भाग असत: एक दूरच्या तुकड्यांशी बोलण्यास, एक जवळच्या गाड्यांशी बोलण्यास, आणि तिसरा रणगाड्याच्या पोटातील माणसांनी परस्परांशी बोलण्यास; कारण इंजिनाच्या गडगडाटात शेजारच्याचा शब्दही ऐकू येत नसे. कानाशी श्रवणयंत्र आणि तोंडाशी ध्वनिग्राहक, हे आज मोटारीत ज्याला ‘हॅन्ड्स-फ्री’ म्हणतात त्याचे एक पूर्वरूप म्हणावे लागेल. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली चिलखती दलाचे केंद्र व शाळा नगरला स्थिर झाली. वाहनांच्या संशोधनाची संरक्षण खात्याची संस्थाही येथेच आहे. आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय येथे सर्वसामान्यांस पाहावयास मिळते. त्या संग्रहालयात गेलेल्या माणसाने तोफांपुढे थबकण्याबरोबरच रणगाड्यातील बिनतारी संचाच्या जागेकडेही क्षणभर दृष्टी टाकावी, असे मी आग्रहाने सांगेन.

योगायोग असा की, ज्या वर्षी ही शाळा नगरला आली, त्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, राज्य परिवहनाची पहिली मोटार पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली. एस.टी.ने खेड्यांना जिल्ह्याशी जोडले, परंतु त्या गाडीचा आवाज म्हणजे इंजिनाचा, खिडक्यांच्या खडखडाटाचा आणि वाहकाने दोरी ओढून वाजविलेल्या घंटेचा. गाण्याला तेथे थारा नव्हता. खाजगी मोटारीतील रेडिओ ही तर त्या काळी पाथर्डीच्या बाजूस विरळाच दिसणारी वस्तू. याचे कारण केवळ किंमत नव्हे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये रेडिओचे ग्राहकयंत्र बाळगणाऱ्यास परवाना घ्यावा लागे; संच घरात असो वा मोटारीत, त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यावा लागे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ही पद्धत रद्द होईपर्यंत आवाज ऐकण्याचा हक्क हा असा सरकारदरबारी नोंदवून घ्यावा लागणारा हक्क होता.

ज्यांच्या गाडीत संच होता त्यांनाही करंजीचा घाट ओलांडला की आवाजासाठी झगडावे लागे. मुंबईचे केंद्र १९२७ पासून चालू होते, पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. दोन्ही मध्यम लहरींवर. या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि अंतराबरोबर क्षीण होतात. सूर्यास्तानंतर मात्र वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर पोचतात, पण त्याबरोबरच दूरदूरची परकी केंद्रेही एकमेकांवर चढू लागतात. म्हणून रात्रीच्या प्रवासात आवाज कधी उसळून येई, कधी बुडून जाई, आणि गाडीवान त्याचा दोष संचाला देई. लघुलहरी असलेल्या संचावर सिलोनचे केंद्र लागे. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तोवर चित्रपटगीतांसाठी तेच एक आश्रयस्थान होते. अशा वेळी खरा उपाय असे तो एरियलच्या बुडाशी. बाहेर उभी केलेली ती दांडी पत्र्यापासून अलग असावी लागते, परंतु तिच्या तारेभोवतीची जाळी मात्र पत्र्याला घट्ट भिडलेली असावी लागते; तेथे गंज चढला की उत्तम संचही बहिरा होतो.

आणखी एक घोटाळा त्या पिढीच्या वाहनांनी करून ठेवला होता. ब्रिटिश पद्धतीच्या विद्युत्-रचनेत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. मॉरिस आणि तिच्यावरून घडलेली आरंभीची ॲम्बेसेडर याच जातीच्या. पुढे ऋण टोक सांगाड्यास जोडण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. व्हॉल्व्हांच्या संचाला या उलटसुलटीचे फारसे वावडे नसे, परंतु १९५५ साली अमेरिकेत क्रायस्लर मोटारींसाठी फिल्कोने पूर्णतः ट्रान्झिस्टरांचा संच काढला, आणि ती जात सर्वत्र पसरू लागल्यावर ध्रुव उलटे जोडले की संच एका क्षणात नष्ट होऊ लागला. म्हणून गाडी दुकानात येताच हत्यार उचलण्यापूर्वी बॅटरीची कोणती तार सांगाड्यास गेली आहे हे डोळ्यांनी पाहावयाचे, हा नियम कारागिरांनी स्वतःला घालून घेतला. त्यांना तो शिकविला तो एखाद्या तंत्रशाळेने नव्हे, तर जळालेल्या संचांनी.

पाथर्डीच्या रस्त्यावर आवाजाचे खरे युग अवतरले ते कॅसेटबरोबर. फिलिप्स कंपनीने छोट्या डबीतील ही फीत १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली आणि दशकाच्या अखेरीस मोटारीत बसणारा तिचा संच काढला. परंतु आपल्याकडे ती खेड्यापाड्यांत पोचली ती १९८० नंतर, स्वस्त कॅसेटांचा सुकाळ झाल्यावर. परवान्याची कटकट नाही, केंद्राच्या वेळापत्रकाचे बंधन नाही, घाटात आवाज जाण्याची भीती नाही! एस.टी.च्या जोडीला काळी-पिवळी जीप आणि ट्रॅक्स याच काळात रस्त्यावर आल्या, आणि जिच्यात टेप चांगला ती गाडी आधी भरे. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, लावण्या, कीर्तने, देवीची गाणी, हिंदी चित्रपटांची नवी फीत, असा संग्रह चालकाच्या डोक्यावरच्या फळीत असे. पुढे सीडीच्या तबकड्या आल्यावर अकोले तालुक्यातल्या इंदोरीच्या निवृत्ती महाराजांची कीर्तने अशाच मार्गाने जीपमधून घरोघर गेली. मोहट्याच्या वाटेवर देवीचे गाणे आणि मढीच्या वाटेवर नाथांचे, हा विवेक चालकांना कोणी शिकवावा लागत नसे.

या कॅसेटयंत्राने जो कारागीर घडविला त्याच्या कामाकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे. दुकान बहुधा बसस्थानकाच्या आसपास, अवघ्या दहा-बारा फुटांचे. फळीवर उघडे डेक, खिळ्यांना लटकलेले रबरी पट्टे, एका डब्यात स्पिरिट आणि कापूस, टेबलावर सोल्डरची तापलेली इस्त्री, आणि भिंतीला टेकलेली एक बॅटरी. गिऱ्हाईक सांगे, ‘‘आवाज दबका येतो.’’ कारागीर कॅसेट घालण्याच्या फटीतून आत पाही, कापूस स्पिरिटात बुडवून हेडवरून फिरवी, आणि कापसावर तपकिरी भुकटी आली की निम्मा रोग तेथेच बरा होई. कारण फितीवरचा चुंबकीय लेप झिजून हेडवर बसतो आणि त्यात फुफाट्याची भर पडते. आवाज तरीही दबका राहिला तर हेडच्या कडेचा लहान स्क्रू पाव आटा इकडेतिकडे फिरवून बारीक सूर सर्वाधिक स्पष्ट कोठे येतो ते तो कानाने ठरवी. गाणे लांबून डोलू लागले तर रबरी पट्टा सैल. फीत आत गुंडाळली जाऊ लागली तर फितीला दाबून धरणारे रबरी चाक गुळगुळीत झालेले. डॅशबोर्डावर उन्हात राहिलेली कॅसेट वाकली तर तिची फीत काढून दुसऱ्या डबीत भरून देण्याचे कामही तोच करी.

स्पीकरच्या बाबतीत त्याची एक परीक्षा मला फार लोभस वाटते. मागच्या फळीवरचे दोन्ही स्पीकर नवे असूनही ठोका पोकळ वाटतो, अशी तक्रार आली की तो दीड व्होल्टाचा एक साधा सेल घेई आणि स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर टेकवी. कागदी शंकू पुढे सरकला की ज्या तारेला सेलचे धन टोक लागले ती धन. दुसऱ्या स्पीकरला हेच केल्यावर शंकू मागे गेला, तर एक स्पीकर हवा ढकलीत असताना दुसरा ती ओढीत आहे, आणि दोघे मिळून खर्ज नाहीसा करीत आहेत, हे सिद्ध होई. तारा अदलाबदल करून तो गाडी परत देई. नव्या सामानाचा एक रुपया न घेता केवळ ज्ञानाच्या बळावर आवाज दुरुस्त करून देणारा हा माणूस कारागीर या पदवीस पूर्णपणे पात्र आहे.

ऊसतोडीच्या वाहनांनी या धंद्याला जोर दिला आणि त्याची कसोटीही पाहिली. टोळी घेऊन जाणारा ट्रक असो वा दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, रात्रभर चालणाऱ्या वाहतुकीत चालकाला जागे ठेवणारा सोबती म्हणजे टेप. काही ट्रकांत दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्टांची रचना केलेली असते, आणि टेप असतो १२ व्होल्टांचा. घाईत काम उरकणारा माणूस दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतो आणि टेप वाजू लागतो. परंतु त्या एका बॅटरीतून अधिक वीज जाते, भरताना मात्र दोघींतून सारखाच प्रवाह वाहतो. परिणामी एक कायम उपाशी राहते, दुसरी वाजवीपेक्षा अधिक भरून उकळते, आणि काही आठवड्यांत दोन्ही निकामी होतात. कारखान्याच्या वाटेवर पहाटे गाडी चालू होत नाही तेव्हा या दोषाचा उलगडा होतो. खरा उपाय म्हणजे २४ चे १२ करणारे रूपांतरक-यंत्र मध्ये बसविणे. त्याला खर्च येतो, पण तो बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही. त्याहून गंभीर दोष फ्यूजचा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे हा उपाय नसून आग लावण्याची पूर्वतयारी आहे. तार कोठे पत्र्याला घासते आहे ते शोधण्यास तासभर लागेल, पण तो तास द्यावाच लागतो.

येथे एक कटु गोष्टही नमूद केली पाहिजे. गेल्या काही वर्षांत ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर चढवून कर्कश आवाजात गाणी वाजविण्याची जी रीत पडली आहे तिने जीव घेतले आहेत. दोन ट्रॉल्यांचे लांब धूड, मागे परावर्तक नाही, आणि चालकाच्या कानात असा गदारोळ की मागून आलेल्या वाहनाचा भोंगा त्याला ऐकू येऊ नये! दर हंगामात पोलीस आणि कारखाने ट्रॅक्टरांना परावर्तक लावण्याची आणि टेप बंद ठेवण्याची मोहीम काढतात, ती सर्वथा रास्त आहे. पण माझे म्हणणे असे की, ही मोहीम जितकी चालकापर्यंत जाते तितकीच ती स्पीकर बसविणाऱ्या दुकानापर्यंत गेली पाहिजे. आवाज चालकाच्या आसनापुरता राहील अशा रीतीने लहान स्पीकर कानाजवळ बसविता येतो, आणि रात्रीच्या एकाकी माणसाची सोबत हिरावून न घेताही रस्ता सुरक्षित राहू शकतो.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान देशातील पहिला मोबाइल संवाद झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुकादम, गाडीमालक, कारखाना आणि गावी राहिलेली म्हातारी माणसे अशा सर्वांना एका धाग्यात गुंफणारे ते यंत्र ऊसतोडीच्या व्यवहाराचा कणा बनले. कॅसेटा भरून देणारे दुकान मेमरी कार्डात गाणी भरून देऊ लागले, डेकच्या जागी पेन ड्राइव्हचे छिद्र असलेला संच आला, आणि त्यातच ब्लूटूथद्वारा फोन जोडण्याची सोय आली. १९९८ पासून जगातील कंपन्यांनी एकत्र येऊन वाढविलेले हे बिनतारी तंत्र पाथर्डीच्या कारागिरापुढे नव्याच तक्रारी घेऊन उभे राहिले. पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज घुमून परत ऐकू येतो. याचे कारण बहुधा ध्वनिग्राहक स्पीकरच्या जवळ आहे, म्हणून तो पुढील काचेच्या कडेच्या खांबावर, तोंडाच्या दिशेने, आणि वातानुकूलनाच्या झोतापासून दूर न्यावा. फोन जोडला जात नाही. कारण संचाने जुन्या फोनांची यादी भरून ठेवली आहे, ती पुसून दोहोंकडून पुन्हा ओळख करून द्यावी. गाडी बंद केली की संच सारे काही विसरतो. याचे कारण स्मरणासाठी सतत वीज देणारी पिवळी तार आणि चावीबरोबर चालू होणारी लाल तार यांची अदलाबदल झाली आहे, किंवा दोन्ही एकत्र पिळून टाकल्या आहेत.

कायदाही या बाबतीत हळूहळू स्पष्ट होत गेला. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने वाहन चालविताना हातात संपर्कयंत्र धरून ते वापरणे हे धोकादायक चालनात गणले, आणि २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्गदर्शनासाठी असे यंत्र वापरण्यास मुभा मिळाली. हात मोकळे असले म्हणून चित्तही मोकळे असतेच असे नाही, हे मात्र कोणत्याही कलमात लिहून भागत नाही. करंजीच्या घाटात हिशेबाचा वाद फोनवर घालणारा चालक दोन्ही हात सुकाणूवर ठेवूनही तितकाच धोकादायक असतो.

राहता राहिला मार्गदर्शनाचा विषय. वाट सांगण्याची या मुलखाची जुनी व्यवस्था गावांच्या नावांतच साठविलेली आहे. पिंपळगाव अनेक, म्हणून कासार पिंपळगाव आणि पिंपळगाव टप्पा. चिंचपूर दोन, म्हणून चिंचपूर पांगुळ आणि चिंचपूर इजदे. खरवंडीला कासार आणि चिचोंडीला शिराळ हे जोडनाव. महसुली दप्तरात आणि लोकांच्या तोंडी ही जोडनावे अशी पक्की बसली की प्रवाशाने दुसरे पद सांगितल्यावाचून वाट सांगणारा वाट सांगतच नसे. उपग्रहांवरून स्थान ओळखण्याचे अमेरिकी तंत्र सामान्य नागरिकास पूर्ण अचूकतेने मोकळे झाले ते मे २००० मध्ये, तोपर्यंत त्यात मुद्दाम घातलेली चूक शंभर मीटरांच्या घरात जाई. भारताच्या ‘नाविक’ या स्थानदर्शक प्रणालीचे सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात अवकाशात गेले. आणि सार्वजनिक सेवेच्या नव्या वाहनांना स्थानदर्शक यंत्र २०१९ पासून सक्तीचे झाले. या सर्व शास्त्राचा पाथर्डीकरास प्रत्यक्ष अनुभव येतो तो असा की, नाशिकहून निघणाऱ्या चालकाने यंत्रात नुसते ‘पाथर्डी’ म्हटले तर ते त्याला नाशिकच्याच सीमेवरील पाथर्डीकडे, पाथर्डी फाट्याच्या बाजूस, घेऊन जाण्यास सिद्ध होते. यंत्र चुकलेले नसते. आपण तालुका आणि जिल्हा सांगितलेला नसतो. आपल्या पूर्वजांनी टप्पा, पांगुळ, कासार ही पदे ज्या गरजेपोटी जोडली तीच गरज येथे पुन्हा उत्पन्न झाली आहे, आणि तिचे उत्तरही तेच आहे.

यंत्राच्या खऱ्या दोषांविषयी थोडेसे. स्थानदर्शकाला आकाश दिसावे लागते. त्याचा एरियल पत्र्याखाली किंवा धातुमिश्रित फिल्म चिकटविलेल्या काचेमागे बसविला तर बाण रस्ता सोडून शेतातून चालू लागतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी घातली, त्यामुळे हे कारण पूर्वीपेक्षा कमी आढळते. दुसरे असे की, स्थान उपग्रहावरून कळते, पण नकाशा येतो तो मोबाइलच्या जाळ्यावरून. माणिकदौंडीकडच्या डोंगरात जाळे तुटले की पडद्यावर केवळ एक बाण रिकाम्या जागेत उभा दिसतो. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला म्हणजे ही अडचण राहत नाही.

हल्लीच्या मोटारींत मात्र डॅशबोर्डावरचा पडदा हा स्वतंत्र संच उरलेला नाही. वातानुकूलन, मागचा कॅमेरा, सुकाणूवरची बटणे, दारांची सूचना, हे सारे एकाच संदेशवाहिनीवरून त्याच्याशी बोलत असतात. तेथे तार कापून पिळली तर आवाजाबरोबर गाडीचे अन्य अवयवही बंद पडू शकतात आणि कंपनीची हमी जाते ती वेगळीच. त्यामुळे मूळ तार न कापता त्या त्या गाडीसाठी तयार मिळणारे कपलर मध्ये घालणे हीच योग्य रीत होय, आणि ते न मिळाल्यास काम नाकारणे हे कारागिराचे कर्तव्य होय. जुन्या बोलेरोचा, ट्रॅक्टरचा आणि टेम्पोचा मालक अजून स्वस्तात नवा पडदा बसवून मागतो. तेथे जुनी विद्या जशीच्या तशी लागू पडते. आवाजात शिट्टी आली तर संचाची काळी तार रंग लावलेल्या पत्र्याच्या स्क्रूवरून काढावी, पत्रा घासून चकचकीत करावा, आणि तिला सांगाड्याचीच, शक्य तर ॲम्प्लिफायरबरोबर एकच, जागा द्यावी. नव्या गाडीतील संदेशवाहिनीचा दोष यंत्र लावून वाचता येतो. पण तो दोष मुळात सैल अर्थमुळे उत्पन्न झाला आहे की काय, हे ते यंत्र सांगत नाही. म्हणून हा धंदा शिकू पाहणाऱ्या पोराला प्रथम वर्षभर ट्रॅक्टरच्या उघड्या वायरिंगवर टेस्ट लॅम्प घेऊन बसवावे, आणि मोठा पडदा त्याच्या हाती मागाहून द्यावा.